पाच वाजताची भिंत

"आता मी जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी कुणी खरं मानणार नाही, लावा पैज," असं म्हणून मास्तरांनी दोन्ही पंजे टेबलावर उपडे टाकले, आणि नेमकी त्याच क्षणी दार ढकलून ती आत आली. दाराच्या बिजागरीला तेल नव्हतं, ती कुरकुरली. समितीची तिन्ही डोकी तिकडे वळली आणि मास्तरांचंही वळलं. नऊ वर्षांत ती थोडी रुंद झाली होती. केस मागे घट्ट बांधलेले, पायांत कामावरच्या चपला, आणि त्या दारातच काढाव्यात की कसं अशा विचारात ती क्षणभर एका पायावर उभी राहिली. "या, या, बसा," संस्थेचे साहेब म्हणाले, आणि खात्याच्या कारकुनाने आपल्या फॉर्मवर 'माजी प्रशिक्षणार्थी, एक' या ओळीसमोर बरोबरची खूण केली. ती टेबलाच्या पार टोकाला, समितीतल्या ठेकेदाराच्या पाठीमागच्या खुर्चीवर बसली. मास्तरांकडे पाहून तिने मान लववली, पूर्वी वर्गात उशिरा यायची तेव्हा लववायची तशीच. गोष्ट तिचीच होती. म्हणजे, गेली नऊ वर्षं मास्तर ती तिच्या नावावर खपवत होते, आणि त्या दोन गोष्टींमधला फरक या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होता.

साहेबांनी तिला बोलावलंय हे आधी सांगायला नको होतं का? पण साहेबांचं तरी काय चुकलं. फॉर्ममध्ये रकाना होता, रकाना भरायला माणूस लागतो, आणि जुन्या हजेरीपटातल्या ज्या मुलांचे फोन अजून लागत होते त्यात पहिल्या वर्गात पास झालेली ही एकटी. साहेबांनी हे सगळं कौतुकाने केलं असणार. मास्तरांना मात्र एकदम आपल्या शर्टाच्या कॉलरचा काठ मानेला टोचू लागला. गोष्ट बदलता आली असती. त्यांच्या पोतडीत काय एकच गोष्ट होती? धुराडं आतून बांधता बांधता स्वतःच आत अडकलेल्या आणि जेवणाचा डबा दोरीने वर ओढून घेणाऱ्या गवंड्याची गोष्ट होती, एका रात्रीत दोन बोटं सरकलेल्या घराची होती. पण जीभ एकदा चाकोरीत पडली की तिला वळवणं अवघड, आणि शिवाय या घटकेला उपयोगाची गोष्ट ही एकच होती. कारण समितीच्या अध्यक्ष बाईंनी, पातळ काचांचा चष्मा नाकावर खाली ओढत, अगदी साध्या आवाजात विचारलं होतं, "मास्तर, सव्वीस वर्षांत तुमच्या मुलांनी बांधलेली, आज या शहरात उभी असलेली एक भिंत दाखवा. एकच."

या एका प्रश्नावर सगळं अडलं होतं. सरकारने यंदापासून नवा नियम काढला होता: ज्या धंद्याचं शिकवलेलं काम डोळ्यांना दिसेल त्या धंद्यालाच पुढचं अनुदान. सुतारकामवाल्यांनी बाकं दाखवली, नळजोडणीवाल्यांनी अख्ख्या इमारतीचे नळ उघडून दाखवले, शिवणवाल्या बाईंनी तर समितीतल्या कारकुनाच्या अंगावरचा सदरा आपल्याच मुलीने शिवलाय हे कॉलर उलटी करून सिद्ध केलं. गवंडीकामाच्या वर्गाजवळ दाखवायला काही नव्हतं. मागच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली विटांची एक चौकोनी रास होती, बस. अनुदान बंद झालं की वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला की मास्तर म्हणजे साठीकडे झुकलेला एक माणूस, ज्याला म्हणे भिंत बांधता येते.

"भिंत नाही मॅडम," मास्तर म्हणाले, आणि आपला आवाज आपल्यालाच गोड लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "एकही नाही. का नाही ते आधी ऐका. आमच्या विटा जडवस्तू आहेत." ठेकेदार हसला. "हसू नका शेठ. जडवस्तूंच्या नोंदवहीत टेबल, खुर्ची, घंटा, आणि त्याखाली विटा, नग सहाशे चाळीस. ज्या वर्षी वर्ग सुरू झाला त्या वर्षीच्या अनुदानात घेतलेल्या. आता टेबल जसं वर्षाअखेर जागेवर दिसलं पाहिजे, तशा विटाही दिसल्या पाहिजेत. सिमेंट लावून भिंत उभी केली की वीट गेली. नोंदवहीतून कुठे गेली याचा जाब द्या. म्हणून सिमेंट वर्ज्य. आम्ही माती आणि चुना कालवून माल करतो, सकाळी भिंत बांधतो, आणि पाच वाजता घंटा झाली की वरून एकेक वीट उतरवून, खरवडून, पुसून, बाराबाराच्या थरात रचून ठेवतो. सव्वीस वर्षं. रोज."

हे सगळं खरं होतं. मास्तरांना नेहमीच नवल वाटायचं की यातला खरा भाग सांगताना त्यांना अजिबात मजा येत नसे. बाई लिहून घेत होत्या. ठेकेदार पुढे वाकला होता. त्याच्या खांद्याच्या वरून तिचा अर्धा चेहरा दिसत होता, एक डोळा, एक कान, आणि मांडीवर ठेवलेले हात. हातांची बोटं फुगीर होती, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. सिमेंटचं पाणी लागून पडतात तशा. म्हणजे सिमेंटला हात तर लागत होता तिचा. कशा कामाला, हे मास्तरांना माहीत होतं, कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. नव्या इमारतींतून गवंडी, प्लास्टरवाले, रंगारी सगळे निघून गेले की फरशीवर सिमेंटचे थेंब वाळून राहतात. ते ओणवं बसून पत्र्याच्या पट्टीने खरवडायचं काम. दुसऱ्यांच्या हातून सांडलेलं.

विटांचं म्हणाल तर त्या आता विटा राहिल्या नव्हत्या. रोजच्या खरवडण्याने त्यांचे कोपरे गेले होते, वापरून उरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर झाल्या होत्या. मास्तरांना अंधारातही हाताने कळायचं कुठली कुठली. एकीच्या पोटात बोटभर खळगा होता, तिला मुलं 'जावई' म्हणायची, कारण ती कुठेच नीट बसायची नाही आणि तिला बाजूलाही ठेवता यायचं नाही. पुस्तकात लिहिलेल्या दहा थरांची उंची आणि त्यांच्या दहा थरांची उंची यात आता दोन बोटांचा फरक पडत होता. परीक्षेच्या वेळी मास्तर मुलांना सांगायचे, उत्तर पुस्तकातलं लिहा, भिंत आपली बांधा. हे बोलताना ते डोळा मारायचे. पहिली काही वर्षं वडील जिवंत होते. वडील गवंडी, त्यांचे वडील गवंडी, आणि शहरातल्या निम्म्या रस्त्यांवर वडिलांची एकेक भिंत. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच, चालता चालता थांबायचे, परक्याच्या कुंपणाला तळवा लावायचे, आणि मोठ्याने म्हणायचे, "हा सांधा मी हलकट भरलाय." आतली माणसं खिडकीतून बघायची. मुलगा लाजेने दहा पावलं पुढे जाऊन उभा राहायचा. तिथेच कधीतरी त्याने ठरवलं असेल की आपली भिंत अशी रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं चूक दाखवत उभी राहायला नको. सरकारी वर्गावर नोकरी लागली तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. संध्याकाळी वडील विचारायचे, "काय केलंस आज?" "भिंत बांधली." "कुठाय?" "पाडली." वडील इतके हसायचे की खोकल्याची उबळ यायची, आई पाणी घेऊन धावायची. मग एका वर्षी त्यांनी विचारणं बंद केलं. त्या संध्याकाळी घरात जी शांतता पसरली तिची मास्तरांना अजून चव आठवते, ओल्या चुन्यासारखी, जिभेच्या कडांना.

"आणि मग," मास्तर म्हणाले, "एक पोरगी होती आमच्याकडे." बोललो एकदाचं, असं त्यांना वाटलं. ती हलली नाही. "हाताला अशी सरळ, मॅडम, की ओळंबा सोडायची गरज नाही. नुसतं बघून सांगायची, मास्तर, भिंत गुंजभर डावीकडे गेलीय. आम्ही तिचं नावच 'ओळंबा' ठेवलं होतं. तर शिकून बाहेर पडली, आणि तिला पहिलं काम मिळालं. एका इस्त्रीवाल्याच्या दुकानामागची भिंत. सिमेंटची! आयुष्यातली पहिली सिमेंटची भिंत. सकाळपासून लागली. काय भिंत बांधली म्हणता, आरशासारखी. अकरा फूट लांब, छातीभर उंच. इस्त्रीवाला खूष. पाच वाजले. समोरच्या कारखान्याचा भोंगा झाला. आणि पोरीने..." इथे मास्तर नेहमी थांबत. इथे थांबायचं असतं. थांबलं की ऐकणाऱ्याचं तोंड आपोआप थोडं उघडतं. ठेकेदाराचं उघडलं.

कारखान्याचा भोंगा खरा होता. अकरा फूट खोटं, सहाच होती. सुट्टीचे दिवस होते आणि इस्त्रीवाला मास्तरांच्याच ओळखीचा. काम मास्तरांनी घेतलं होतं, स्वतःसाठी, चोरून नव्हे पण गाजावाजाही न करता. ती हाताशी असली तर बरं म्हणून तिला बोलावलं. सतरा वर्षांनी सिमेंट कालवताना त्यांच्या हाताला कसलीतरी घाई झाली होती. माती समजूतदार असते, वाट बघते, उद्यावर टाकता येते. सिमेंटला आपला विचार असतो, ते घमेल्यातच कडक व्हायला बघतं. दुपारपर्यंत दोघं बोलले नाहीत. ती खालून वीट द्यायची, ते बसवायचे. मग ती बसवायची, ते बघायचे. तिचे सांधे सगळे एका जाडीचे. त्यांना आत कुठेतरी टोचलं, तेही त्यांना आठवतं: हिची भिंत राहणार. ही शिकवलेल्यापेक्षा जास्त शिकली. दुकानातून वाफेचा, गरम कापडाचा वास येत होता. सावली भिंतीच्या पायथ्याशी आली होती. भोंगा झाला, आणि मास्तरांचा हात वर गेला आणि त्याने वरच्या थराची कोपऱ्यातली वीट उचलली. हातानेच. मास्तर तेव्हा कशाचा विचार करत होते तेही त्यांना आठवतं, घरचा पंखा दुरुस्तीला टाकायचा होता. वीट उचलली, थापीच्या कडेने खालचा माल खरवडला, वीट पुसली, बाजूला ठेवली. मग दुसरी. माल अजून ओला होता, विटा मुकाट्याने येत होत्या. बारा झाल्या की दुसरा थर आडवा. ती बघत उभी होती. तिला वाटलं असेल, मास्तरांना काहीतरी चूक दिसली. चूक दिसली की मास्तर न बोलता उतरवायचे आणि मुलांनी विचारायचं नाही, ही वर्गाची रीत. तिने न विचारता उतरवलेल्या विटा घेऊन नीट रचायला सुरुवात केली.

"तिने भिंत उतरवली!" मास्तर म्हणाले. "सगळी! एकेक वीट. खरवडली, पुसली, बाराबाराच्या थरात रचली. हात धुतले. आणि इस्त्रीवाल्यापुढे जाऊन उभी राहिली, म्हणते, काका, मोजून घ्या आणि सही करा!"

ठेकेदाराने टेबलावर हात आपटला. साहेबांनी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली होती तरी ते हसले, कारण समिती हसत होती. कारकून फॉर्मवर ओणवा होऊन खांदे हलवत होता. अध्यक्ष बाईसुद्धा चष्मा काढून डोळ्यांच्या कडा पुसू लागल्या. सहीचा भाग मास्तरांनी तिसऱ्या वर्षी घातला होता, आणि हात धुण्याचा पाचव्या. गोष्ट कशी हळूहळू बांधून काढावी लागते, आणि ही एक त्यांनी कधी उतरवली नव्हती. हसण्याच्या त्या लाटेत त्यांनी टोकाकडे पाहिलं. ती हसत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. ती ऐकत होती, जशी फळ्यावरचं गणित ऐकायची, कुठली पायरी सुटतेय का ते बघत. तिने सहीपर्यंतची गोष्ट कधी ऐकली नसावी. लोक तिच्यासमोर ती सांगत नसावेत, नुसतं नाव घेत असावेत.

खरं तर त्या दिवशी चारच थर उतरले होते. इस्त्रीवाला मागच्या दारात आला आणि ओरडला, "अहो, हे काय? पाडताय काय?" मास्तरांच्या हातात वीट होती. पाहिलं तर हातात वीट, पायाशी रास, समोर अर्धी भिंत. झोपेत चालणाऱ्या माणसाला दिवा लावून उठवावं तसं झालं. कानशिलं तापली. आणि तोंडातून निघालं, "पोरीची सवय आहे हो. शिकाऊ आहे. मी तेच बघतोय." एवढंच. तीन छोटी वाक्यं. वीट त्यांच्याच हातात होती, पण इस्त्रीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, कारण मास्तरांनी बोट तिच्याकडे केलं होतं. तिने मास्तरांकडे पाहिलं. 'काय मास्तर?' असं विचारणारी ती नजर, वर्गात प्रश्न नीट ऐकू आला नाही की असायची तशी. मग ती खाली वाकली आणि उतरवलेल्या विटा पुन्हा वर चढवू लागली. अंधार पडायच्या आत तिने चारही थर पुन्हा बांधले. मास्तर तोवर इस्त्रीवाल्याबरोबर चहा पीत बसले होते आणि पोरं हल्ली कशी शिकतात यावर बोलत होते.

घरी बायकोने शर्टाच्या बाहीवरचं सिमेंट पाहून विचारलं, तेव्हा त्यांनी तिला खरं सांगितलं. का कोण जाणे, त्या दिवशी अजून खोटं गरम होतं, हातात धरवत नव्हतं. बायको म्हणाली, "मग उद्या जाऊन सांगा त्यांना." उद्या जाईन म्हणाले. पण उद्यापर्यंत इस्त्रीवाल्याने ती गोष्ट गल्लीत सांगितली होती, आठवड्याभरात ती बाजारातून फिरून शिक्षकांच्या खोलीत आली, आणि कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, "काय मास्तर, तुमची पोरगी म्हणे भिंती उतरवते!" सगळे हसले. मास्तरही हसले, आणि एक बारीकसा तपशील त्यांनी आपणहून जोडला. त्यानंतर ते थांबले नाहीत. घरी पाहुण्यांसमोर ती गोष्ट निघाली की बायको ताट अर्धं टाकून आत जायची. एकदा नुसतं म्हणाली होती, "जेवताना त्या पोरीला आणू नका."

"शेठ, तुम्हाला खोटं वाटतंय," मास्तर म्हणाले. लाट ओसरायच्या आत पुढचं बोलायला हवं होतं. "पण दोष पोरीचा नाही. दोष शिकवण्याचाही नाही. जी भिंत कधी राहिलीच नाही ती राहू द्यायची असते हे मुलांना कळणार कुठून? द्या आम्हाला वर्षाला पन्नास पोती सिमेंट, द्या विटा नोंदवहीतून बाहेर काढायची परवानगी, एका शाळेचं कुंपण द्या. मग मागा भिंत."

बाईंचं पेन थांबलं होतं ते पुन्हा चालू लागलं. "हे पटण्यासारखं आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. "विटा खर्ची टाकायची तरतूद खरंच नाहीये का?" साहेब म्हणाले, सव्वीस वर्षांत चौदा पत्रं लिहिली. कारकून म्हणाला, तसा प्रस्ताव ठेवता येईल. मास्तरांना कळलं, गाडी रुळावर आली. वर्ग वाचला. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी कागद काळे केले ते एका थापेने होऊन गेलं.

"खोटं कसलं वाटतंय," ठेकेदार डोळे पुसत म्हणाला. "मी ओळखतो ना तिला! पाडी! पाडी म्हणतात तिला सगळ्या साइटवर. आली होती माझ्याकडे, दोनदा आली होती. म्हणे विटकाम द्या. माझा मुकादम म्हणाला, शेठ, ही पाच वाजता सगळं उतरवून ठेवेल. आम्ही हसून हसून बेजार. मग दिलं तिला फरशा खरवडायला, कोण काम मागणाऱ्याला नाही म्हणणार. ती तुमची का मास्तर? वा!" त्याच्या मागे हातभर अंतरावर ती बसली होती. त्याने साइटवर तिला दोनदा पाहिलं होतं, पण ओणव्या बसलेल्या बाईचा चेहरा कोण बघतो.

मास्तरांना तिच्या घराची खोली आठवली. एकदा ते गेले होते. गोष्टीला दोन वर्षं झाली होती, बायकोने पुन्हा विषय काढला होता, आणि त्या सकाळी अंगात कसलं तरी बळ आलं होतं. रस्ताभर वाक्य जुळवत गेले. ती कामावर गेलेली. तिच्या आईने घरातली एकुलती एक खुर्ची झटकून दिली, पाणी दिलं, आणि समोर जमिनीवर बसली. "तुम्ही आलात ते बरं झालं मास्तर," ती म्हणाली. "कुणी काम देत नाही हो तिला. म्हणतात भिंत पाडते. मी तिला किती बोलले, अगं असं कसं केलंस. काही बोलत नाही. तुमचं ऐकेल ती. तेवढी तिची सवय घालवा." पाण्याचा तांब्या मास्तरांच्या हातात होता, त्याला पोचा पडला होता, अंगठा बरोबर त्या पोच्यात बसत होता. जुळवलेलं वाक्य दातांच्या मागे तयार होतं. आणि मास्तर म्हणाले, "तिला सांगा, पाच वाजायच्या आधी हात धुवून साइटवरून निघत जा. सवय हळूहळू जाते." आईने मान डोलावली. एकदा नाही, तीनदा, नीट लक्षात ठेवत असल्यासारखी. परत येताना मास्तर वडिलांच्या भिंतींचे रस्ते टाळत, लांबून घरी आले. हात धुवायचा तपशील गोष्टीत आला तो तिथून. हे त्यांना आत्ता, या खुर्चीत, पहिल्यांदा उमगलं, आणि तळवे घामाने टेबलाला चिकटले.

"अगं बाई," अध्यक्ष बाई अचानक म्हणाल्या. त्यांची नजर फॉर्मवरून उठून टेबलाच्या टोकाला गेली होती. "तुम्हीही याच वर्गाच्या ना? कुठल्या सालच्या?" तिने साल सांगितलं. बाईंनी चष्मा चढवला. "म्हणजे मास्तर सांगतायत ती मुलगी तुमच्या बरोबरची असेल. की..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ठेकेदार खुर्चीतच मागे वळला, आणि त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्याखालचा चेहरा बदलू लागला. साहेबांनी फाइल उगाच सरळ केली.

आता सांगावं. आता नाही तर कधी. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला, आणि डोळ्यांसमोर बाईंचं पेन आलं, त्याखालचा अर्धा भरलेला कागद आला, वर्गातली बारा पोरं आली, आणि सगळ्यांच्या पुढे ते स्वतः आले, हातात वीट घेऊन, सव्वीस वर्षं शिकवून स्वतःचीच भिंत उतरवणारा मास्तर. अशा माणसाच्या वर्गाला कोण सिमेंट देईल? तिला वाचवायला हवं आणि वर्गही वाचवायला हवा, दोन्ही एका दमात. जीभ आपणहून पुढे सरकली, कशी सरकते तिची तिलाच ठाऊक.

"छे, छे, मॅडम, ही नव्हे!" ते हसत म्हणाले. "ही तर आमची गुणी पोरगी. ती वेगळी होती. हिच्याच मागच्या बाकावर बसायची. उंच, केस कापलेले. लग्न होऊन गेली दुसऱ्या शहरात, आता तिचा काही पत्ता नाही. ठेकेदारशेठ, तुमच्याकडे आली ती तिसरीच कुणीतरी असणार. नाव एकीचं, बदनामी दुसरीची, असं होतं ना. हिने तर, मॅडम, हिने तर कधी वीटसुद्धा उतरवली नाही! सांग ना ग बाळ, होती की नाही ती उंच पोरगी?"

तिने मांडीवरचे हात उचलून टेबलावर ठेवले, उपडे, अगदी मास्तर ठेवतात तसे. नखांच्या पांढऱ्या कडा सगळ्यांना दिसल्या. मास्तरांना वाटलं, ही 'हो' म्हणेल. आईला काही बोलली नाही, मुकादमाला बोलली नाही, आत्ताही गप्पच राहील, आणि आपण तिला शाळेच्या कुंपणाचं पहिलं काम देऊ, अगदी पहिलं.

"मागच्या बाकावर कुणी नव्हतं मास्तर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मागचं बाक मोडकं होतं, त्यावर आपण घमेली ठेवायचो. उंच पोरगी कुणी नव्हती. वर्गात मुलगी मी एकटीच होते, हजेरीपट आहे साहेबांकडे, काढून बघा." मग ती बाईंकडे वळली. "सिमेंट द्या मॅडम वर्गाला, ते सगळं खरं आहे. पण पाडी मी नाही. ती भिंत मास्तरांनी पाडली. मी बांधली. दोनदा. जाऊन बघा, इस्त्रीवाल्याच्या मागे अजून उभी आहे."